मिनेसोटात प्रेताची भूमिका

मी अमेरिकेहून परत आलो त्याला आता चार महिने झाले, आणि सांगलीत भेटणारा प्रत्येक माणूस मला एकच प्रश्न विचारतो, "नायगारा पाहिलात?" नाही पाहिला. स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही नाही पाहिला. मी पाहिलं ते माझं स्वतःचं हृदय. काळ्या फिल्मवर छापलेलं, उजेडाच्या पेटीवर लावलेलं, चारही कप्पे मोकळे. नायगारा पाहून आलेले आमच्या गल्लीत तिघे आहेत. स्वतःचं हृदय पाहून आलेला मी एकटा. तेव्हा जरा सरकून बसा आणि ऐका.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. बावीस वर्षं मी फळ्यावर अमेरिकेची पाच महासरोवरं काढत आलो आणि त्यांतल्या एकातही कधी पायाचा अंगठा बुडवलेला नव्हता. संध्याकाळी शाळा सुटली की मी नट. आमच्या हौशी मंडळात गेली पंधरा वर्षं एक भूमिका माझ्याशिवाय कुणाला दिली जात नाही, ती म्हणजे प्रेताची. हसू नका. तिसऱ्या अंकाचा पडदा वर जातो तेव्हा दिवाणखान्याच्या मधोमध मी मरून पडलेला असतो. चेहरा उघडा, त्यावर झगझगीत दिवा, आणि चाळीस मिनिटं बाकीचे माझ्याभोवती रडतात, भांडतात, चहा पितात. श्वास घ्यायचा तो पोटात, वरवर, कुणाला दिसणार नाही असा. मिरजेच्या प्रयोगात एक मुंगळा माझ्या कानाच्या पाळीला डसला. मी मेलेलाच राहिलो. पडदा पडल्यावर मात्र अशी बोंब मारली की परत निघालेले प्रेक्षक टाळ्या वाजवायला परत फिरले.

माझी धाकटी बहीण वैजू अठरा वर्षांपूर्वी शिकायला म्हणून मिनेसोटाला गेली आणि शास्त्रज्ञ होऊन तिथेच राहिली. सत्त्याऐंशीच्या गणपतीत तिचं पत्र आलं. "दादा, माझ्या अठरा भाऊबिजा बुडाल्या. या वर्षी तिकीट मी पाठवते. तू फक्त ये."

आमच्या सौ. विमानात बसायला तयार नव्हत्या, पण बॅग त्यांनी भरली. बेसनाचे लाडू, चकल्या, हिंग, आणि गोड्या मसाल्याचा मोठा डबा. बॅगेला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या जानव्याला स्वतः गाठ मारून बांधली. "खिशात ठेवाल तर मुंबईतच हरवाल," म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं.

ईडन प्रेरी

मिनिआपोलिस शहराला लागून ईडन प्रेरी नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते तळी, झाडं आणि त्यात मधूनमधून सांडलेली घरं बघून. कुणाच्याच घराला कुंपण नाही. एकाच्या अंगणातली पानं उडून दुसऱ्याच्या अंगणात जातात आणि त्यावरून भांडण होत नाही. ऑक्टोबरातली ती पानं! शेंदरी, हळदी, डाळिंबी. मी तीन दिवस फक्त झाडांकडे बघून "वा! वा!" म्हणत होतो. शेजारच्या आजीबाईंना वाटलं मी खोकतोय. त्यांनी मधाची बाटली आणून दिली.

वैजूचे यजमान माधवराव नागपूरचे, कंप्युटरच्या कंपनीत इंजिनियर. वैजू त्यांना "माधव, ए माधव" अशी हाक मारते आणि जेवण झालं की भांडी ते घासतात. पहिल्या दिवशी मी तोंडात बोट घातलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी उभा राहून पुसत होतो. (हे सांगलीत सौ.ना अजून कळलेलं नाही. हा मजकूर छापून आला की कळेल.)

भाची रेणू दहा वर्षांची. मी मराठीत बोलायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि दोघांचं उत्तम चालायचं.

भाऊबिजेला वैजूने स्वयंपाकघरातच पाट मांडला. शेवटची फोडणी टाकून ताम्हण घेऊन ती आली, आणि तिने निरांजन माझ्या तोंडाशी नेलं मात्र, छताला लावलेली एक पांढरी डबी जिवाच्या आकांताने किंचाळायला लागली. मी पाटावरून उडालो. माधवराव टॉवेल घेऊन डबीखाली पंख्यासारखा फिरवू लागले.

"काही नाही दादा, स्मोक अलार्म! फोडणीच्या धुराला नेहमी वाजतो. तुम्ही बसा, ओवाळून घ्या!"

किंकाळ्यांच्या साथीवर मी ओवाळून घेतलं आणि ताम्हणात इरकली साडी घातली. वैजूने ती छातीशी धरली आणि हुंगली. किती तरी वेळ हुंगत राहिली. साडी हुंगणारी बाई मी आधी पाहिली नव्हती, पण म्हटलं, शास्त्रज्ञ आहे.

नाक आणि डोळे

वैजूचं काम काय, हे सांगलीत विचारलं की आम्ही "संशोधन" म्हणायचो आणि विषय बदलायचो. आता मला सांगता येतं.

आधी ती वासावर काम करत होती. मग डोळ्यावर, आणि आता हृदयाची चित्रं काढते. वासाची आणि डोळ्याची खोली तिच्याकडेच आहे, तिथे तिच्या विद्यार्थिनी काम करतात. एका सकाळी तिने मला सगळं दाखवायला नेलं.

वासाची खोली म्हणजे धुतलेल्या हवेची खोली. बाहेरची हवा कोळशातून गाळून आत सोडतात. कुणी साबणाचा वास लावून यायचं नाही, पावडर नाही, अत्तर नाही. आत एक सोनेरी केसांची विद्यार्थिनी नाकाशी नळी धरून बसली होती. नळीतून कधी अगदी पुसट वास सोडायचा, कधी नुसती हवा. वास आला असं वाटलं की तिने बटण दाबायचं. मी कोट सावरत तिच्या मागे अदबीने उभा राहिलो.

तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबतच सुटली.

"नुसती हवा सोडतेय तरी ही दाबतेय!" वैजू कागद बघून म्हणाली. मग ती थांबली. सावकाश माझ्याकडे वळली आणि माझ्या खांद्याशी नाक आणलं.

"दादा, हा कोट कुठे होता?"

"बॅगेत."

"मसाल्याच्या डब्याशेजारी?"

"शेजारी नाही. डब्याभोवती. डबा फुटू नये म्हणून तुझ्या वहिनीने कोटात गुंडाळला होता."

ती मुलगी डोळे मिटून म्हणाली, "कुणीतरी लाकडाच्या उबदार पेटीत अख्खा नाताळ भरून ठेवलाय असा वास येतोय." गोड्या मसाल्याचं याहून चांगलं वर्णन मी मराठीतही वाचलेलं नाही. पण त्या दिवसाचा प्रयोग गेला. वैजूने मला बाहेर काढलं आणि कॉरिडॉरमध्येच हुकूम सोडला.

"पुढचे दहा दिवस हिचं मोजमाप चालू आहे. माझ्या कपड्यांना वास लागला तरी सगळं वाया जाईल. ती बॅग घरी गेल्यावर कुलूप लावून बंद. मी सांगेपर्यंत उघडायची नाही. लाडूसुद्धा नाही!"

"लाडूंनी काय केलंय?"

"वेलदोडा आहे त्यात. दादा!"

मी कोट माधवरावांच्या गॅरेजमध्ये टांगला, बॅगेला कुलूप ठोकलं, आणि शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. हे शहाणपणच मला पुढे भोवणार होतं.

डोळ्यांच्या खोलीत तर मी तिचा आणखीच अंत पाहिला. तिथे अर्धा तास मिट्ट काळोखात बसवतात, म्हणजे नजर तयार होते. मग टाचणीच्या टोकाएवढा, असून नसल्यासारखा उजेड दाखवतात. दिसला तर "हो" म्हणायचं, नाहीतर "नाही". मी मोठ्या उत्साहाने "हो" म्हणत गेलो.

दिवे लागले. वैजू कपाळाला हात लावून बसली होती.

"दादा, निम्म्या वेळा मी उजेड दाखवलाच नव्हता."

"अगं, पाहुणा म्हणून आलोय. बहिणीने इतक्या मेहनतीने दाखवायचं आणि मी नाही कसं म्हणू?"

"इथे नसलेलं दिसलं म्हणणाऱ्यांचा वेगळा तक्ता ठेवतात," ती म्हणाली, "त्यात तू पहिला आलास."

परत येताना गाडीत मी तिला विचारलं, "नाक, डोळा, हृदय. तुझं हे चाललंय काय? एका दुकानात इतका माल?"

"इथले लोकही हेच विचारतात. 'पुढच्या वर्षी यकृत का?' म्हणतात. पण काम एकच आहे रे. गोंगाटात बारीकसा आवाज ओळखायचा. नाकाला वासाचा एक कण, डोळ्याला उजेडाचा एक ठिपका. मोठ्या मॅग्नेटमध्ये माणूस ठेवला की त्याच्या शरीरातून असाच अगदी क्षीण आवाज येतो, त्याचं चित्र करायचं."

"म्हणजे प्रेक्षक खोकतायत, पोरं रडतायत, आणि त्यातून विंगेतल्या प्रॉम्प्टरचं वाक्य पकडायचं."

तिने स्टिअरिंगवर हात आपटला. "अठरा वर्षं मी हे असं का नाही सांगितलं कुणाला!"

मग सिग्नलला थांबल्यावर ती खरी गोष्ट बोलली. पुढच्याच्या पुढच्या बुधवारी बाहेरून तीन शास्त्रज्ञ तपासणीला येणार होते. मेंदूची चित्रं स्पष्ट येतात, गुडघ्याची येतात, कारण ती निमूट पडून असतात. हृदय हलतं. तिची चित्रं अंधुक येत होती. त्या बुधवारी एक तरी स्वच्छ चित्र दाखवलं नाही, तर मॅग्नेटवरचे तिचे तास काढून मेंदूवाल्यांना देणार होते.

"तीन वर्षांचं काम आहे, दादा. मग फक्त वर्गात शिकवायचं."

"वर्गात शिकवणं तितकंही वाईट नसतं," मी भूगोलाच्या वतीने म्हणालो.

ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

सुपीरियर

रविवारी माधवरावांनी गाडी काढली आणि आम्हाला उत्तरेला डुलुथला नेलं. एका चढावरून गाडी उतरायला लागली आणि समोर फळ्यावरचं सरोवर खरं झालेलं दिसलं. फळ्यावर ते मी हातभर काढतो. इथे त्याला पलीकडचा काठच नव्हता. लाटा होत्या, जहाजं होती, समुद्राचा सगळा थाट होता, फक्त खारा वास नव्हता. मी बूट काढले, मोजे काढले, आणि बावीस वर्षांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना स्मरून पाय आत घातला.

तो तत्काळ माझा राहिला नाही.

"मामा, इट्स फ्रीझिंग!" रेणू ओरडली.

"भूगोलात हे लिहिलेलं नाही!" मी एका पायावर नाचत ओरडलो. वैजू खडकावर बसून पोट धरून हसली. त्या आठवड्यातलं तिचं ते पहिलं हसू, म्हणून तो पाय गेला असता तरी मी रडलो नसतो.

भोपळ्यांचा सण

ऑक्टोबर संपताना तिथे एक सण असतो. भोपळे कोरून त्यात दिवे लावतात, मुलं भुतांचे वेष करून घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. आमच्या भोंडल्याची खिरापत खात फिरावं तसं, फक्त गाणी नाहीत. कोरलेल्या भोपळ्याचा गर लोक चक्क फेकून देतात. मी वैजूच्या आणि शेजारच्या आजीबाईंच्या भोपळ्यांचा गर गोळा केला आणि घारगे तळले. छतावरची डबी किंचाळली. टॉवेल आता मीच फिरवला.

रेणूने मला विचारलं, "मामा, व्हॉट विल यू बी?"

"मी? मी प्रेत होणार. आणखी काय?"

संध्याकाळी दारातल्या बाकावर मला आडवं केलं. तोंडाला तांदळाचं पीठ, अंगावर पांढरी चादर आणि नाकात कापसाचे बोळे.

"दादा, अपशकुन!" वैजू म्हणाली.

"नाकात कापूस नसेल तर मी रंगमंचावर जात नाही," मी म्हणालो आणि मेलो.

मुलं आली. एका चेटकिणीने मला बोटाने ढोसलं. एका वाघाने माझ्या छातीवर स्वतःचं एक चॉकलेट ठेवलं, बहुधा दयेने. एक कुत्रा आला आणि तांदळाचं पीठ आवडल्यामुळे त्याने माझा डावा गाल स्वच्छ केला. मी मेलेलाच. शेजारच्या आजीबाई दोनदा येऊन वाकून बघून गेल्या आणि माधवरावांना विचारू लागल्या, "हा पुतळा कुठल्या दुकानातून आणलात?"

"इंडियाहून इम्पोर्ट केलाय," माधवराव म्हणाले.

शेवटचं मूल गेल्यावर मी उठून बसलो. वैजू दारात उभी होती. हातात घड्याळ होतं आणि चेहऱ्यावर असे भाव, की जणू तिने गोंगाटात काहीतरी ऐकलंय.

"दादा, पस्तीस मिनिटं झाली. तू हललास कधी?"

"आमचा अंक चाळीसचा असतो. अजून पाच बाकी होती."

"माझे सगळे व्हॉलंटियर आत चुळबुळ करतात. एक खोकतो, एक नाक खाजवतो, एक झोपला आणि घोरायला लागला. मला फक्त दहा मिनिटं हवीत. फक्त पडून राहायचं." ती बाकावर माझ्याशेजारी बसली. "बुधवारी पडशील?"

पंधरा वर्षं मी मेलो होतो, पण माझ्या मरणाची कुणाला अशी गरज पडली नव्हती.

लोहचुंबक

मंगळवारी रंगीत तालीम ठरली. मी चार कागदांवर सह्या केल्या. वासाच्या खोलीचा धडा घेऊन दोनदा आंघोळ केली होती. मॅग्नेट चालवणारी बाई म्हणजे डोरिस, उंच, धिप्पाड आणि प्रेमळ. लोखंडाचं काही आत गेलं तर तो मॅग्नेट ते बंदुकीच्या गोळीसारखं खेचून घेतो, म्हणून तिने मला यादी वाचून दाखवली. घड्याळ? काढलं. अंगठी? काढली. पट्टा, नाणी, पेन? सगळं ट्रेमध्ये. कागदी गाऊन घालून मी आत गेलो. छातीला तारा चिकटवताना डोरिसने जानव्याकडे बोट दाखवलं.

"ते धार्मिक आहे. साधं सूत," वैजू बाहेरून म्हणाली.

"आणखी काही धातू अंगावर?" डोरिसने विचारलं.

"काही नाही," मी सत्य स्मरून सांगितलं. माझ्या लेखी ते सत्यच होतं.

मशीनची रीत अशी, की ते तारांतून हृदयाचे ठोके ऐकतं आणि प्रत्येक ठोक्याच्या ठरलेल्या क्षणाला चिमूटभर चित्र घेतं. सगळ्या चिमटी जुळून एक चित्र होतं. मधे माणूस हलला की चिमटी चुकतात. मी डोळे मिटले, श्वास पोटात नेला, आणि फळी मला घेऊन त्या पांढऱ्या बोगद्यात सरकू लागली.

तेवढ्यात माझ्या कमरेशी काहीतरी हललं.

हललं, आणि वर चढू लागलं. थंड, छोटं, सरपटत. बरगड्यांवरून छातीकडे. पाल! माझ्या मनाने निकाल दिला, अमेरिकेत पाली असतात की नाही याची भूगोलात नोंद न शोधता. दुसरा कुणी असता तर बोगदा फोडून बाहेर आला असता. पण मी प्रेत होतो. ज्याने मुंगळा सोसला तो पालीला काय भितो? पाल छातीच्या मधोमध येऊन बसली. आणि मशीन सुरू झालं. तांबट आळीत भर दुपारी बसल्यासारखे ठोके, ठणाठण, ठणाठण. मधे भोंग्यातून डोरिसचा आवाज आला, "सर, सगळं ठीक?"

प्रेत बोलत नसतं.

"तो भूमिकेत आहे," बाहेर वैजू म्हणाल्याचं नंतर कळलं.

दहा मिनिटांनी फळी बाहेर आली. पाल पुन्हा कमरेकडे घरंगळली आणि नाहीशी झाली. मी टाळ्यांची वाट बघत उठून बसलो. टाळ्या नव्हत्या. काचेपलीकडे दोघी पडद्याकडे बघत उभ्या होत्या. मी गेलो. वरचं चित्र इतकं रेखीव होतं की मलासुद्धा कळलं. फक्त हृदयाचा खालचा अर्धा भाग तिथे नव्हता. त्या जागी काळा खड्डा होता, त्याच्या कडा वाकड्या झालेल्या.

"धातू," डोरिस म्हणाली.

त्यांनी पाण्याने भरलेली बाटली आत ठेवून तिचं चित्र काढलं. बाटली स्वच्छ आली. म्हणजे दोष मशीनमध्ये नव्हता, माझ्यात होता. वैजूचा चेहरा उतरला.

"दादा, कधी ऑपरेशन झालंय? छातीत काही गेलंय? सुई वगैरे?"

मी आठवू लागलो, आणि दुर्दैवाने मला आठवलं. "पहिलीत असताना पेन्सिलीचं टोपण गिळलं होतं."

"मग?"

"मग काय? आप्पांनी केळी खायला घातली. पुढे काय झालं ते कुणी पाहिलं नाही."

डोरिसने छातीवर क्रूस काढला. टोपण इतकी वर्षं हृदयाशी टेकून बसलंय, असं तिचं मत पडलं. वैजू तिला हसली नाही. ती म्हणाली, "आधी एक्स-रे, आणि तो परवाच मिळेल. तोपर्यंत तू मॅग्नेटजवळ फिरकायचं नाहीस. आत धातू हलला तर…"

"आणि उद्याची माणसं?"

"जुनी चित्रं दाखवीन."

अंधुक. हे तिने म्हटलं नाही, मी ऐकलं.

घरी येताना ती गाडी अशी चालवत होती, की जणू माझ्यात काचेचं काही आहे. घरात शिरताना म्हणाली, "पायऱ्या सावकाश चढ." चहा केला आणि स्वतःचा प्यायली नाही. बाहेर भर दुपारी बर्फाचे पहिले कण पडत होते, आणि ज्या माणसाने आयुष्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे पाहिलं होतं, त्याला ते बघायची इच्छा राहिली नव्हती. बहिणीचं काम जाणार, आणि कारण मी.

मला एकच उपाय सुचला. आमच्या घरात कुणी रडवेलं झालं की आई त्याच्या हातावर लाडू ठेवायची. वासाचे प्रयोग गेले खड्ड्यात, म्हटलं. मी बॅगेपुढे बसलो, शर्टाच्या आत हात घातला, जानवं बाहेर ओढलं, आणि किल्ली कुलपात घातली.

मागून कप फुटल्याचा आवाज आला.

वैजू दारात उभी होती. तिचं बोट माझ्या जानव्याकडे.

"दादा. ही किल्ली. मशीनमध्ये होती?"

मी किल्लीकडे पाहिलं. मग छातीकडे पाहिलं. "पाल!" मी म्हणालो.

"कुठली पाल?"

मी सगळं सांगितलं. कशी चढली, कुठे बसली, मी कसा हललो नाही.

"तुला विचारलं होतं! अंगावर धातू आहे का म्हणून विचारलं होतं!"

"अगं, किल्ली काय अंगावर असते? ती असतेच!"

यावर ती फुटलेल्या कपाच्या शेजारी खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली आणि परत हसली. वैजूच्या फोनमुळे ऑफिसातून लवकर परतलेले माधवराव धावत आले, त्यांना वाटलं माझ्या छातीतलं टोपण हललं.

"आप्पांच्या जानव्यालाही किल्ली होती," ती आमच्या वडिलांची आठवण काढत, डोळे पुसत म्हणाली. "फडताळाची. ती खुळखुळली की मी ओळखायचे, आप्पा आले. आणि मी डोरिसला सांगते, साधं सूत! अठरा वर्षांत मी विसरले रे."

मी गाठ सोडली आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. दुसऱ्या हातावर लाडू ठेवला. तिने आधी तो हुंगला.

बुधवार

तिघे शास्त्रज्ञ आले. दोन पुरुष आणि पांढऱ्या केसांच्या एक बाई, ज्यांचा चष्मा पाहून मला आमच्या शाळेच्या इन्स्पेक्टरीणबाई आठवल्या. डोरिसने या वेळी मला यादी वाचून दाखवली नाही. तिने जानवं स्वतः बोटांत धरून पूर्ण एक फेरी तपासलं.

मी मेलो. पंधरा वर्षांत इतका मनापासून कधी मेलो नव्हतो. नाक खाजलं. मेलेलाच. तांबट आळी ठणाणली, आणि मला वाटलं ते ठोके मशीनचे नाहीत, वैजूच्या छातीतले आहेत, काचेपलीकडून ऐकू येणारे. मी माझा श्वास आणखी बारीक केला.

बाहेर आलो तेव्हा सगळे एकाच दिशेला बघत होते. चित्र उजेडाच्या पेटीवर लागलं होतं. चार कप्पे, मधला पडदा, आणि झडपेची केसासारखी रेघसुद्धा. वैजूने त्याशेजारी कालचं काळ्या खड्ड्याचं चित्रही लावलं.

"हे कशाला दाखवतेस?" मी मराठीत कुजबुजलो.

"कारण हेही खरं आहे," ती म्हणाली, आणि त्या तिघांना तिने किल्लीची गोष्ट सांगितली. पाल, पेन्सिलीचं टोपण, आप्पा, सगळी.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी हात पुढे केला. "ती किल्ली बघू." त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि माझ्याकडे वळल्या. "छातीवर काहीतरी चढत असताना तुम्ही दहा मिनिटं हलला नाहीत?"

"मॅडम," मी माझ्या उत्तमातल्या उत्तम इंग्रजीत म्हणालो, "आय वॉज डेड."

बाई एवढ्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. निकाल नंतर कळवू, असं त्या रिवाजाप्रमाणे म्हणाल्या, पण जाताना त्यांनी वैजूचा हात दोन्ही हातांत धरला. मला माझ्या हृदयाची एक प्रत मिळाली. संध्याकाळी वैजूने स्वतः गोड्या मसाल्याची आमटी केली. डबी किंचाळली, आणि या वेळी ती बंद करायला कुणीच उठलं नाही.

सहार विमानतळ

मुंबईला कस्टमच्या टेबलावर एका मिशीवाल्या साहेबांनी बॅगेवर खडूने रेघ ओढली. "उघडा."

मी शर्टाच्या आत हात घातला. जानवं होतं. किल्ली नव्हती. ती त्या बुधवारी मॅग्नेटच्या खोलीबाहेर राहिली होती, आणि निघताना मी कुलूप सवयीने दाबून टाकलं होतं.

"किल्ली अमेरिकेत आहे," मी म्हणालो.

"अस्सं? आत काय आहे?"

"ते सांगतो. आधी हे बघा." मी पाकिटातून फिल्म काढली आणि ट्यूबलाइटकडे धरली. "हे माझं हृदय. माझ्या बहिणीने काढलंय."

साहेबांनी ते पाहिलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे आले, त्यांनीही पाहिलं. एक म्हणाला, "डावीकडचा कप्पा जरा मोठा आहे का हो?" दुसऱ्याने त्याला गप्प केलं. मग साहेबांनी हातोडी मागवली आणि कुलूप फोडलं. झाकण उघडताच ते मागे सरकले.

"गोडा मसाला? अमेरिकेतून?"

"डबा रिकामा आहे," मी सांगितलं. "आता फक्त वास आहे."

गेल्या आठवड्यात वैजूचं पत्र आलं. मॅग्नेटचे तास तिच्याकडेच राहिले, वर आणखी दोन दिवस मिळाले. मॅग्नेटच्या दाराबाहेर डोरिसने खिळा ठोकून माझी किल्ली टांगली आहे, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गोरा असो की काळा, ती आधी किल्ली दाखवते आणि मग म्हणते, "शर्टाच्या आत हात घालून बघा." शेवटी वैजूने विचारलं होतं, "दादा, किल्ली पाठवू का परत?"

मी उलट टपालाने कळवलं, "नको. राहू दे तिथेच. कुलूप फुटलंय."